छपरावर राहिलेला

सीना नदीला पूर आला त्याचा चौथा दिवस. सोलापूरच्या विमानतळावर एका शेडमध्ये डॉक्टर वैदेही उड्डाणाआधी आम्हा दोघांना तपासायच्या. राजस हेलिकॉप्टर चालवायचा. मी, अमृत, दारात पालथा पडून दोर खाली सोडायचो. दोरावरून उतरणारा आमचा तिसरा गडी तापानं फणफणून दवाखान्यात पडला होता.

"काल किती झोपलास?" डॉक्टरांनी विचारलं.

"चार तास."

चार दिवसांत मिळून तेवढी झाली असेल. जमिनीवर उतरलो तरी कानातली घरघर थांबत नव्हती. डोळे मिटले की पाणीच फिरायचं. पण खरं बोललो असतो तर त्यांनी मला उडू न देता खाली बसवलं असतं, आणि मदतीचे फोन तर सारखे येत होते.

दुपारी तीनला निघालो. मोहोळच्या पुढं एका वस्तीवर पत्र्याच्या छपरावर म्हातारी एकटीच बसली होती. गढूळ पाणी पत्र्याला चाटत होतं. आभाळ इतकं खाली आलेलं की भर दुपारी दिवेलागण झाल्यासारखं वाटत होतं. कुजलेल्या सोयाबीनचा वास वरपर्यंत येत होता.

राजसला हेलिकॉप्टरच्या थेट खालचं दिसत नाही. त्याचे डोळे म्हणजे मी. "डावीकडे... अजून थोडं... थांब," असं माइकवर सांगत गेलो. दोराचा पट्टा छपरावर टेकला. तो काखेखालून घ्या, असं म्हातारीला खुणेनं सांगायला मी हात उचलला...

पुढचं मला आठवत नाही.

कुणीतरी दंड हलवला तेव्हा जाग आली. म्हातारी माझ्याशेजारी बसली होती, पट्टा काखेखालून नीट आवळलेला. दार लागलेलं.

"झकास आणलंस रे," राजसचा आवाज कानात आला.

म्हातारी माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होती. मी कानावरचं यंत्र सरकवलं, तशी ती ओरडून म्हणाली, "तू कवा वर आलास? तू तर खाली निजलास की!"

"मी इथंच होतो, आजी."

"न्हाय बाबा. तूच मला पट्टा बांदलास. म्हणलास, आजी, तुमी व्हा पुढं, मी लई दमलोय... जरा पडतो हितं."

एवढं बोलून ती माझ्यापासून लांब सरकून बसली.

उतरल्यावर मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. झोप लागली, तेही सांगितलं. तिघांचा जीव गेला असता. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी उड्डाणातलं आमचं बोलणं रेकॉर्ड झालं होतं ते लावलं. राजसही येऊन बसला.

माझाच आवाज होता. स्पष्ट, शांत. "उजवीकडे... स्थिर धर... ओढतोय." आणि त्याच माइकवर, त्याच वेळी, माझं घोरणं. संथ, लांब. दोन्ही एकदम.

डॉक्टरांनी तेवढंच तीनदा ऐकलं. मग पुढं जाऊ दिलं. राजसच्या "झकास"च्या थोडं आधी तोच आवाज पुन्हा आला, पण लांबून, वाऱ्यातून आल्यासारखा.

"आजी पोचल्या का?... आता मला घ्या."

राजस उठला. "मी... जाऊन येतो."

"कुणाला आणायला?" डॉक्टरांनी विचारलं.

तेवढ्यात राजसचा फोन वाजला. वस्तीचे सरपंच, महादेवप्पा, पलीकडच्या टेकाडावरून बोलत होते.

"सायेब, त्या छपरावर अजून एक मानूस ऱ्हायलाय की. तुमच्या लोकांचे नारंगी कपडे हायत अंगावर."

डॉक्टरांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि राजसच्या हातातून फोन घेतला. "हात करतोय का तो?"

"न्हाय वो बाई. गाढ झोपलाय."

"आणि... पाणी?"

"उशाला लागलंय त्याच्या."