डावीकडचा बाण

एक होती शिवणकाम करणारी बाई, एक तिचा पाच वर्षांचा लेक, आणि एक होते डॉक्टर, ज्यांना शिकवण्यासारखं जगात कुणाकडे काही उरलंच नव्हतं. बाई म्हणजे माझी सख्खी भाची, पोरांनो. तेव्हा उगाच हसू नका.

लेकाला हर्निया. रडला-खोकला की डाव्या जांघेत लिंबाएवढी गाठ यायची, निजला की गायब. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी दवाखान्यात खाटेशी डॉक्टरसाहेब आले. पोर निवांत, गाठ नाही. उद्या कापायची जागा म्हणून साहेबांनी उजव्या जांघेवर पेनानं बाण काढला.

"साहेब, डावीकडे आहे."

"बाई, दहा वर्षांत इथं ऑपरेशन झालेल्या पोरांचा तक्ता केलाय मी. हर्निया बहुतेक उजवीकडेच. तुम्ही आपले परकर शिवा."

"त्याला जरा खोकायला तरी सांगा..."

साहेब केव्हाच पुढच्या खाटेशी. विद्वत्ता एवढी, की समोरच्या पोराकडे बघायची गरजच नाही!

मंगळवारची रात्र. दोन वाजून वीस मिनिटं. उद्या नको तिथं कापतील, मग पुन्हा कापतील, याच घोरात भाची जागी. बघते तर खाटेशी एक मुलगी. सहा-सात वर्षांची. अंगात दवाखान्याचा झगा.

"कुणाची गं तू? आई कुठाय तुझी?"

मुलगी लेकावर वाकली.

"तुझं कुठं?"

लेकानं झोपेतच डावीकडे बोट केलं.

मुलीनं झगा वर उचलला. उजवीकडे टाके. डावीकडेही टाके. डावीकडचे... ओले.

भाचीनं घाबरून डोळे मिटले. उघडले.

कुणी नाही.

नर्स म्हणाली, "मुलगी? आज वॉर्डात सगळे मुलगेच आहेत."

सकाळी साहेब कडाडले. उजवीकडचा बाण नाही. डावीकडे मात्र काळाभोर बाण.

"कुणाचा हा चावटपणा?"

भाची खाटेला आडवी उभी राहिली. "आधी त्याला खोकायला सांगा. मगच हात लावू देईन."

लेक खोकला. डावीकडे गाठ टम्म.

साहेब...

साहेबांनी पहिल्यांदाच समोरच्या पोराकडे नीट बघितलं.

डावीकडेच ऑपरेशन झालं. महिन्याभरात पोरगं जिने दोन-दोन पायऱ्यांनी चढू लागलं. आज सायकलवरून आईची कापडं पोचवतं, घर हसतंय. बाण तेवढा राहिला. स्पिरिटनं गेला नाही, साबणानं नाही. मी स्वतः पाहिलाय. रेघ वाकडीतिकडी आहे. नुकतंच लिहायला शिकलेल्या हाताची.