उघडं फाटक

त्या शेवटच्या साध्यासुध्या दुपारी बाबा म्हणाले होते, "दार उघडं राहू दे गं. तुझा आवाज कानावर असला की बरं वाटतं." तिची ऑफिसची मीटिंग चालू होती. त्यांची झोपमोड नको, म्हणून तिने दार हलकेच लावून घेतलं. तासाभराने चहा घेऊन गेली, तर बाबा उठलेच नाहीत.

चार महिन्यांनी ती या बेटावर आली. पहिल्या सकाळी खोलीचं दार उघडलं, तर उंबऱ्यात एक मेंढी! अर्धा कान तुटलेली, तिचा टॉवेल निवांत चघळणारी. मागोमाग धापा टाकत गुरांचा डॉक्टर.

"तुमची पेशंट माझा टॉवेल खातेय."

"चोखंदळ आहे हो ती. कुणाचाही खात नाही."

बेटावर जनावरं मोकळीच फिरत. नियम एकच, तोही त्यानेच सांगितला— "फाटक दिसेल तसं सोडायचं. उघडं तर उघडं, बंद तर बंद." मग रोज तो अर्धकानीला तपासायला येऊ लागला. मेंढी ठणठणीत होती. तपासणी काही संपत नव्हती.

नवव्या संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी तिची बोट असताना, तो पळत आला. हसला नाही.

"किनाऱ्याकडचं फाटक कुणी लावलं?"

"मी... वाऱ्याने आपटत होतं..."

"भरती आली की मेंढ्या तिथूनच वर येतात!"

दोघं धावत सुटली. कळप फाटकाला चिकटून ओरडत होता, पाणी गुडघाभर. फुगलेली लाकडी खीळ निघेना. दोघांनी खांदे लावले, तेव्हा कुठे निघाली. मेंढ्या तिला ढकलत, भिजवत वर गेल्या. अर्धकानी त्यांत नव्हती.

"फाटक धरून ठेवा!" तो पाण्यात उतरला. अंधारून आलं होतं. दुरून त्याचा आवाज आला, "हाका मारत राहा... दिशा कळू दे मला!"

ती हाका मारू लागली. चार महिन्यांत ती एवढं ओरडली नव्हती.

छातीभर पाण्यातून तो आला. मेंढीची मान काखेत.

"रागावलात?"

"चुकून लावलंत. कळतं मला."

"नाही कळत." तिने फाटक अजून घट्ट धरलेलं होतं. "बाबा म्हणाले होते, दार उघडं ठेव. मी लावलं. कुणालाच सांगितलं नाही मी हे. त्यांनी हाक मारली असेल का... ते मला कधीच कळणार नाही."

तिच्या बोटांशेजारी, फाटकावर, आपला ओला हात ठेवून तो उभा राहिला.

"बोला ना काहीतरी," ती म्हणाली.

"काय बोलू?"

"काहीही. उद्याची बोट जाऊ दे... तुमचा आवाज कानावर असला की मला बरं वाटतं."