भाटकरांचा कुकारा

"ओ होडीवाले! ओ... हॅलो!"

खाडीच्या काठावर उभं राहून होडीला 'हॅलो' म्हणणारा माणूस कमळा भाटकरने जन्मात पहिल्यांदाच पाहिला.

दोन हजार दोन सालातली ऑक्टोबरची संध्याकाळ होती. दिवसभर ऊन रणरणलं होतं आणि आत्ता कुठून तरी एक चुकार सर येऊन धक्क्याचे दगड भिजवून गेली होती. रत्नागिरीतल्या चष्म्याच्या दुकानातून सुटून कमळा रोजच्यासारखी धक्क्यावर आली, तर हा तिथे उभा. इस्त्रीचा शर्ट, खांद्याला बॅग. एका हाताने मोबाइल आभाळाकडे धरून रेंज शोधत होता आणि दुसरा हात होडीकडे हलवत होता. पलीकडे पेठबंदरच्या पायऱ्यांशी भिकाजी तरीवाला होडीत बसून निवांत विडी ओढत होता.

"किती वेळ झाला उभे आहात?" कमळाने विचारलं.

"अर्धा तास झाला की हो! ते बघतायत माझ्याकडं, पण उठायचं नाव नाही."

"कसे उठतील? तुम्ही कोणाकडचे ते कळायला नको त्यांना?"

"आता इतक्या लांबून ओळखपत्र दाखवू का?"

कमळा हसली. पर्स खाली ठेवली, ओढणी कमरेला खोचली, दोन्ही हातांची ओंजळ तोंडाशी धरली आणि... "कू–कू–कूऽऽऽओ!" दोन आखूड, एक लांब, आणि शेवटी आवाज असा खाली उतरवलेला की पाण्यावरून थेट पलीकडे जावा.

भिकाजीने विडी विझवली आणि वल्ही उचलली.

तो तिच्याकडे बघतच राहिला. म्हणाला, "मी टेलिफोन खात्यात आहे. पण असला कॉल लागलेला कधी बघितला नाही."

"मग फुकट आहे तुमचं खातं," कमळा म्हणाली आणि पर्स उचलून पायऱ्या उतरायला लागली. आपण जरा जास्तच बोललो, असं तिला वाटलं. पण वाईट काही वाटलं नाही.

पेठबंदरचं सांगायचं तर ते रत्नागिरीच्याही आधीचं, असा गावकऱ्यांचा दावा. एके काळी अरबस्तानातली गलबतं इथे लागायची आणि दगडी जकातघरात माल मोजला जायचा. आता जकातघरात पोस्ट होतं, आणि निम्मा गाव सकाळी होडीत बसून शहरात नोकरीला जायचा तो संध्याकाळी परत यायचा. पूल होणार, होणार म्हणता तीन निवडणुका होऊन गेल्या होत्या. तरी गावाचा ताठा तसूभर कमी नाही. "रत्नागिरी म्हणजे आमचंच उपनगर," असं रशीदचाचा छातीठोकपणे सांगत. चाचांनी उभा जन्म बोटीवर काढला होता, तेव्हा त्यांना अडवणार कोण? हा टेलिफोनवाला, हर्षद त्याचं नाव, मूळचा सांगलीकडचा. शहरात खोल्यांची भाडी परवडत नाहीत म्हणून चाचांच्याच माडीवर राहायला आला होता.

होडीत बसल्यावर कमळाने त्याला कुकाऱ्याची गोष्ट सांगितली. गलबतांच्या काळापासून पेठबंदरच्या प्रत्येक घराचा आपापला कुकारा. लांबून हाक ऐकली की घरातल्या बाईला कळायचं, आपलं माणूस आलं. भिकाजीला पन्नास घरांचे कुकारे पाठ होते. हाक आल्याशिवाय तो होडी सोडत नसे. त्याचं म्हणणं, नुसता हात तर बगळ्याला बघूनही कोणी हलवील.

"मग मी काय करायचं?" हर्षदने विचारलं.

"चाचांकडे राहता ना? त्यांचा कुकारा शिका. बोटीच्या भोंग्यासारखा आहे, एकच लांब."

"आणि तुमचा?"

"आमचा अवघड आहे. घाटावरच्यांना जमायचा नाही."

इथे चुकलं तिचं. घाटावरच्या माणसाला 'जमायचं नाही' असं कधी म्हणू नये.

त्यानंतर सकाळची पावणेनऊची होडी आणि संध्याकाळची साडेसहाची, दोन्हींत हर्षद असायचाच. उशीर झाला तर धावत यायचा आणि होडीत उडी मारून असा काही इकडेतिकडे बघायचा, जसा काही खाडीची पाहणी करायला निघालाय. संध्याकाळी कुकारा कमळाच द्यायची. तो शेजारी उभा राहून ऐकायचा... कान देऊन, ओठ हलवून. आपल्याला कोणी इतकं मन लावून ऐकतंय, ही गोष्ट कमळाला आवडायला लागली होती. स्वतःशी तिने ती केव्हाच कबूलही केली होती. उगाच लपवाछपवी तिच्या स्वभावात नव्हती.

एके दिवशी दुपारी तो चष्म्याच्या दुकानात हजर.

"डोळे तपासायचेत."

कमळाने त्याला खुर्चीत बसवलं. एक डोळा झाकला, दुसरा झाकला. पठ्ठ्याने अगदी खालची, मुंगीएवढ्या अक्षरांची ओळसुद्धा धडाधड वाचून दाखवली.

"तुम्हाला नंबरच नाही."

"मग हल्ली सगळीकडं एकच माणूस का दिसतंय?"

कमळाने त्याच्या डोळ्यांवरचा तपासणीचा जड चष्मा काढून घेतला. "त्याला काच मिळत नाही आमच्याकडे. चला, उठा, मागे गिऱ्हाईक आहे."

मागे कोणीही नव्हतं. तो उठला, दारापर्यंत गेला, वळून हसला. त्या दिवशी कमळाने एका आजोबांना दूरच्याऐवजी जवळचा चष्मा दिला आणि शेठची बोलणी खाल्ली.

असं सगळं गोडीगुलाबीत चाललं असताना डिसेंबरात कल्याणचं स्थळ आलं. मुलगा रेल्वेत, स्वतःची जागा, मागणी काही नाही. मुलगी फोटोत पसंत पडली होती. बुधवारपर्यंत होकार कळवा, असा पोस्टासमोरच्या टेलिफोन बूथवर निरोप आला होता.

"कल्याण पण जुनं बंदरच हाय म्हंतत," कमळाची आई, यमुनाबाई, तांदूळ निवडता निवडता म्हणाली. "तिथली माणसां पण रोज शहरात कामाला जातंत. हितं होडी, तिथं गाडी, येवडाच फरक."

"फरक आहे आई. तिथली गाडी कोणाची हाक ऐकून येत नाही."

आईने तांदळातला खडा उचलून टाकला. तिला कळलं होतं, लेक कशाबद्दल बोलतेय. कमळा दहा वर्षांची असताना तिचे वडील गेले. भाऊ नाही, काका नाही. तेव्हापासून भाटकरांचा कुकारा त्या खाडीवर एकटी कमळाच देत आली होती. आणि पेठबंदरचा रिवाज असा की सून येते ती सासरचा कुकारा उचलते आणि लेक जाते ती माहेरचा उंबऱ्यातच ठेवून जाते. कमळा गेली की आजोबा-पणजोबांपासूनची ती हाक संपली. आई म्हणायची, हाकेनं का कुणाचं पोट भरतं? पण कमळाला ते आतून लागायचं. आपल्या बापाची एवढीच एक वस्तू तिच्याकडे होती, आणि तिचा जीव त्या वस्तूत गुंतला होता.

दुसऱ्या दिवशी होडीत तिने हर्षदला कल्याणचं सांगितलं. सांगताना त्याच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. डोळे तपासायचंच तर काम तिचं.

तो पाण्यात हात बुडवून बसला होता. हात तसाच राहिला.

"चांगलं आहे की... कल्याण," तो म्हणाला. मग, "मी पण बदलीचा अर्ज केला होता, आल्या आल्याच. मंजूर झालाय म्हणे. सांगलीला."

"अस्सं," कमळा म्हणाली.

उरलेली खाडी दोघांनी भिकाजीच्या वल्ह्यांचा आवाज ऐकत पार केली.

मग आला रविवार. दुकानाला सुट्टी. कमळा पडवीत आईशेजारी बसून नारळ खवत होती. इतक्यात खाडीपलीकडून आवाज आला.

"कू–कू–कूऽऽऽओ!"

आईच्या हातातली वाटी निसटली. "गो... तू हितं हायस! मग तिकडं कोण वरडतंय?"

कमळाच्या हातात अर्धा नारळ तसाच. शेजारची सखू आपल्या अंगणातून ओरडली, "यमुनाकाकू, तुमच्या कमळा दोन झाल्या काय वो?" रशीदचाचा माडीवरून डोकावले. निम्मा गाव पायऱ्यांवर गोळा झाला, आणि भिकाजी बिचारा भाटकरांची हाक म्हणून होडी घेऊन गेला तो हर्षदला घेऊन आला. हर्षदच्या हातात भाजीची पिशवी आणि चेहऱ्यावर पहिला नंबर आल्याचा आनंद.

"जमला की नाही?" तो उतरता उतरता म्हणाला. "दोन महिने शिकत होतो!"

भिकाजीने वल्हं आडवं ठेवलं आणि शांतपणे विचारलं, "सायेब, ह्यो कुकारा कुणाच्या घराचा, म्हायती हाय काय तुमाला?"

"यांच्याच. भाटकरांच्या."

"मंग आयका. गावात कुणी दुसऱ्याच्या घराची हाक देत नाय. देतो तो फकस्त घरजावय. तुमी आत्ता आख्ख्या गावासमोर यमुनाबायकडं मागनी घातलीव."

जो काय हशा पिकला! हर्षदचा चेहरा कोकमासारखा लाल झाला. "नाही नाही... मला खरंच माहीत नव्हतं. चूक झाली, माफ करा." पिशवीतून दोन कांदे घरंगळले ते उचलायचंही त्याला भान नव्हतं.

चूक झाली. हसणाऱ्या गर्दीत ते दोन शब्द एकट्या कमळाला लागले. रडू यायला लागलं होतं, पण रडणं तिने पुढे ढकललं. ती सरळ पायऱ्या उतरली, कांदे उचलले, त्याच्या पिशवीत टाकले आणि फक्त त्याला ऐकू जाईल असं म्हणाली, "बुधवारी संध्याकाळी आई कल्याणला फोन करणार आहे. चूक होती की नव्हती ते त्याआधी ठरवा. साडेसहाच्या होडीनंतर मी वाट बघणार नाही. आणि हो, शेवटचा 'ओ' जरा खाली उतरवायचा असतो."

सोमवारी हर्षद होडीला नव्हता. मंगळवारीही नव्हता. चाचा म्हणाले, ऑफिसच्या कामाला कोल्हापूरला गेलाय, खात्याच्या कुठल्याशा मोठ्या साहेबाला भेटायला.

बुधवारी कमळा दुकानातून लवकर निघाली. घरी येऊन केस विंचरले, अबोलीचा गजरा माळला आणि जकातघराच्या पायऱ्यांवर येऊन बसली. गाव आपल्याकडे बघतंय हे तिला ठाऊक होतं. बघू दे, ती मनाशी म्हणाली. चोरी थोडीच करतेय? सहा वाजले. साडेसहाची होडी आली, माणसं उतरली. हर्षद नव्हता. आई पदराच्या टोकाला कल्याणचा नंबर बांधून वरच्या पायरीवर येऊन उभी राहिली.

"चल आई," कमळा उठली. दोन पायऱ्या चढली असेल नसेल...

पलीकडच्या धक्क्यावर कोणीतरी धावत आलं. त्या अंधुक उजेडात नुसता पांढरा शर्ट दिसत होता. धापा टाकत उभा होता. भिकाजीने हात कानामागे धरला. चाचांची हाक देईल, कमळाच्या मनात आलं. भोंग्यासारखी, एकच लांब. भाडेकरूची हाक.

"कू–कू–"

आवाज फाटला. धाप लागली होती त्याला. आणि मग पहिल्यापासून, पुन्हा, पोटातून—

"कू–कू–कूऽऽऽओ!"

शेवटचा 'ओ' अगदी हवा तेवढा खाली उतरला. बाबांचा उतरायचा तसा.

भिकाजीने वल्ह्याला हात घातला, पण होडी सोडली नाही. मान वळवून त्याने कमळाकडे बघितलं. "काय गो बाय, आनू काय?"

कमळाने आईकडे बघितलं. आईने पदराची गाठ सोडली, आतला कागद काढला आणि त्याची छोटी घडी करून कमरेला खोचला. मग कमळाने ओढणी आवळली, दोन्ही हातांची ओंजळ तोंडाशी धरली आणि तोच कुकारा पलीकडे पाठवला. बाबा गेल्यापासूनच्या तेरा वर्षांत पहिल्यांदाच भाटकरांच्या हाकेला भाटकरांचं उत्तर गेलं होतं. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं, आणि आता ते अडवायची तिला काही गरज वाटली नाही.

होडी लागली तेव्हा हर्षद उतरता उतरता घसरला आणि तिनेच त्याला हात दिला. तो हात मग दोघांनीही सोडला नाही.

"बदली रद्द करून आलोय," तो म्हणाला. "साहेब म्हणाले, घरच्या गावाला जायचं सोडून लोक तिथं राहतात का? मी म्हटलं, घरच तिथं आहे." त्याने तिचा हात आणखी घट्ट धरला. "चूक नव्हती, कमळा. त्या रविवारीही नव्हती. फक्त... मला अर्थ माहीत नव्हता. आज माहीत असून हाक दिली."

"इतक्या उशिरा?"

"एस्टी पंक्चर झाली की! साखरप्यापासून दोन ट्रक बदलत आलोय."

वरच्या पायरीवरून यमुनाबाईंनी घसा खाकरला. हर्षदने घाईघाईने हात सोडायला बघितला. कमळाने सोडू दिला नाही.

"काकू," तो म्हणाला, "कल्याणला फोन लावायचा असेल तर मी लावून देतो. खात्यातलाच आहे. काय सांगायचं तेवढं सांगा."

यमुनाबाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. चिखलाने भरलेली पँट, उडालेली इस्त्री, बसलेला घसा.

"सांग त्यांना," त्या म्हणाल्या, "भाटकरांच्या घरात कुकारा द्यायला माणूस आलंय. आनि लवकर ये, भात निवतोय."