अठ्ठेचाळीस नंबरचं बॉबिन

नमुने आणणारा बारकू त्या दिवशी आजारी पडला नसता, तर सुकदेव माझ्या लॅबमध्ये आलाच नसता. राखोलीच्या आमच्या कारखान्यात धागा तयार होई. त्याची ताकद मोजणं माझं काम. धुळ्याकडचा सुकदेव तीन नंबरचं मशीन चालवायचा. धाग्याची पाच बॉबिनं, म्हणजे रिळं, टेबलावर ठेवून तो स्टुलावर टेकला... आणि पुढे रोज स्वतःच येऊ लागला. दिवसभर उभं राहून माझे पाय भरून येत, बोलायचंही त्राण नसे. ते ओळखून तो गप्प बसे. मला त्याचं ते गप्प बसणं आवडू लागलं होतं, आणि त्याचाच रागही येई.

महिनाअखेरीस मॅनेजर रमाकांत साहेबांनी प्रत्येक मशीनच्या सरासऱ्या पाहिल्या. शेजारच्या मशीनचा धागा सहाशे ग्रॅमला तुटत होता, सुकदेवचा पाचशे अठ्ठ्याऐंशीला. सोमवारपासून त्याला काढून टाकायचं ठरलं.

दमल्या डोळ्यांनी मी प्रमाण विचलन काढायला बसले, म्हणजे आकडे सरासरीपासून किती पांगलेत ते. शेजारचं आठ. सुकदेवचं पंचवीस! चार बॉबिनं सहाशेच्या आसपास आणि रोज एक पाचशे चाळीसला. ते कायम अठ्ठेचाळीस नंबरच्या चातीवरचं, म्हणजे बॉबिन ज्यावर फिरतं त्या दांडीवरचं. ती चाती झिजलेली, तिचा माल आम्ही बाजूलाच काढत असू.

"हेच का आणता रोज?" तो नमुने घेऊन आला तेव्हा मी विचारलं.

त्याने ते बॉबिन उचलून हातात धरलं.

"दोरा लवकर तुटला की तुम्ही परत तपासतात... म्हणतात, थांबा जरा. तेवढंच बसायला भेटतं, मॅडम."

मला हसावं की रडावं कळेना. पोटासाठी गाव सोडून आलेला माणूस दहा मिनिटांपायी नोकरी घालवायला निघाला होता.

चूक माझीही होती. बॉबिनांवरचे नंबर मी बघायला हवे होते. साहेबांना तसं सांगितलं आणि अठ्ठेचाळीस नंबर वगळून दोन्ही मशीनची तीस-तीस बॉबिनं स्वतः काढून आणली. सुकदेवची सरासरी पाचशे अठ्ठ्याण्णव, शेजारची सहाशे. विचलन दोन्हीकडे आठच. एवढ्या पांगापांगीत दोन ग्रॅमला काही अर्थ नाही, असं मी त्यांना समजावलं. साहेबांनी कागद दोनदा वाचला आणि सोमवारचा हुकूम मागे घेतला.

संध्याकाळी डोकमर्डीच्या रस्त्यावर सुकदेव माझ्यासोबत हळूहळू चालत होता.

"उद्यापासून नमुने मीच काढणार," मी सांगितलं.

"मग मी कशाला येऊ?"

पाय ठणकत होते, तरी मी थांबले.

"नुसतेच या," मी म्हणाले, "थांबा जरा... ते मी म्हणेनच."