पिंगीचं बाळंतपण

अचलपूरहून अमरावतीला निघालेल्या एस.टी.त चारुशीला मांडीवर टोपली घेऊन बसली होती. टोपलीत पिंगी, सशाएवढी कुत्री, पहाटेपासून कळा देऊन थकलेली. गावातले गुरांचे डॉक्टर दौऱ्यावर, म्हणून चारुशीलानं शाळेत रजा टाकून अमरावतीचा दवाखाना गाठायचं ठरवलं होतं.

“तिथं आज कोनी भेटणार नाही,” तिकीट घेताना तिनं दवाखान्याचं विचारलेलं ऐकून शेजारचा उंच तरुण म्हणाला.

“तुम्हाला काय माहीत?”

“तिथला डॉक्टर मीच आहो, अन् आज रजेवर. उद्धव. पाहू द्या बरं...”

पिंगी कळवळली. त्यानं टोपलीत डोकावलं आणि त्याचा चेहराच बदलला. पिल्लू अडकलं होतं. नुसती शेपटी बाहेर दिसत होती. त्यानं कंडक्टरला बस थांबवायला लावली.

रस्त्याकडेच्या चहाच्या हॉटेलमागे पोतं अंथरलं. गरम पाणी, साबण, गोडतेल आलं. संत्र्याच्या बागा फुलल्या होत्या, वासानं हवा जड झाली होती. उद्धवनं हात धुतले, बोटं पाहिली आणि थांबला.

“मी आजवर गाई-म्हशीच सोडवल्या. माहा हात मोठा आहे. तुमचा चालते.”

“माझा? मला... नाही जमणार.”

“कावून नाही? मी सांगतो ना. ओढायचं नाही. तिनं कळ दिली की खाली, पायांकडे घ्यायचं. कळ गेली की थांबायचं.”

चारुशीलानं बांगड्या वर सारल्या. उद्धवनं पिंगीला धरलं. तेल लावलेल्या दोन बोटांनी चारुशीला चाचपत राहिली. कळ आली – घेतलं. गेली – थांबली. पुन्हा आली... आणि पिल्लू तिच्या तळहातावर घसरलं. गार. उद्धवनं त्याचं तोंड पुसलं, फडक्यानं पुष्कळ चोळलं. ते हललं नाही.

चारुशीलाचे डोळे भरून आले.

“रडायचं ते मंग,” तो हळूच म्हणाला. “आता दुसरं येऊन राहिलं.”

दुसरं ओरडतच आलं, तिसरंही. पिंगी उठून त्यांना चाटू लागली तेव्हा उद्धवनं कपाळावरचा घाम पुसला आणि चारुशीलाकडे पाहून हसला. मग पाहतच राहिला.

“काय झालं?” तिनं विचारलं.

“काही नाही... गालाले तेल लागलं तुमच्या.”

पिलांना बघायला म्हणून तो दर रविवारी अचलपूरला येऊ लागला. उन्हाळ्यात पिलं दुसऱ्यांच्या घरी गेली, तरी याचं येणं सुरूच. शेवटी तिच्या आईनं, माणिकबाईंनी विचारलंच, “आता कोनाले तपासता, डॉक्टर?” त्यानं चहा तसाच ठेवून निरोप घेतला.

चारुशीला फाटकापर्यंत गेली.

“माही बदली अकोल्याले झाली,” तो म्हणाला.

“बरं.”

“तिथं पोरींच्या शाळेत मास्तरीण पाहिजे म्हनतात. मी विचारून आलो.”

“शाळेला पाहिजे, की तुम्हाला?”

तो फाटकाची कडी खालीवर करत राहिला.

“...दोघाले.”

ती हसली नाही. हसली असती तर रडू आलं असतं.

“पण तुमचे वडील... वकीलसाहेब...” तो अडखळला. “तुमी बामनाच्या, मी कुणब्याचा पोरगा. त्याइले चालन?”

“मला चालतं. त्यांना कसं सांगायचं ते आता बघू.” तिनं फाटक सताड उघडलं. “बाबा ओसरीवरच आहेत. चला आत.”