पाचवा प्रश्न

कंपनीच्या दाराशी काचेच्या पेटीत एक जुनं यंत्र ठेवलं होतं. दोन मित्रांनी भाड्याच्या खोलीत, उसन्या आणलेल्या सुट्या भागांतून जोडलेलं. बाजूंना प्लायवूड, आणि एक बाजू तर चक्क चिकटपट्टीवर तोललेली. जगभरातली पानं धुंडाळून उत्तरं देणारी एवढी मोठी कंपनी या खोक्यातून निघाली, असं खालची पाटी सांगायची. पहिल्या प्रश्नाचं उत्तर शोधायला त्या खोक्याला अकरा सेकंद लागले होते. आता समोरच्या भिंतीवर हातभर अक्षरांत कंपनीचं वचन होतं : तुमचा प्रश्न पुरा होण्याआधी.

"बढाई मारावी माणसाने, पण किती!" भिंग रोज जिना चढता चढता म्हणायचा. भिंग म्हणजे तिच्या शेजारच्या टेबलावरचा. पडद्याला नाक लावून वाचायचा म्हणून ते नाव. तिलाही नाव पडलं होतंच. डब्याच्या पिशवीत पोरीच्या तापाचा तक्ता घेऊन फिरते म्हणून सगळे तिला 'काळजीवाहू' म्हणत.

दोघंही वाचक. लोकांनी शोधचौकटीत टाकलेले प्रश्न वाचायचे आणि कंपनीने दाखवलेलं उत्तर योग्य होतं का, ते ठरवायचं. विचारणाऱ्याचं नावगाव आधीच खरवडून टाकलेलं असे, उरायचे फक्त वार आणि वेळ. कंपनीचं पोट जाहिरातींवर, आणि जाहिरातवाल्यांचा सगळा जीव घाबरलेल्या माणसांच्या प्रश्नांवर. "आईच्या प्रश्नाशेजारची जागा कधी रिकामी राहत नाही," असं प्रशिक्षणात एका साहेबांनी कौतुकाने सांगितलं होतं. तेव्हा ती सहा महिन्यांची गरोदर होती.

रोज सकाळचं पहिलं काम म्हणजे पाचाची फाईल. एकाच माणसाचे ओळीने पाच प्रश्न, पण दिवसाला एकच उघडायचा. वाचणाऱ्याचा जीव गुंतू नये म्हणून. आणि एक बटण होतं, 'निरर्थक'. लहान मुलं अक्षरांवर हात आपटतात, मांजर पाय देऊन जातं, असल्या प्रश्नांसाठी. दोन वाचकांनी ते दाबलं की तो प्रश्न बंद. मग कुणीही विचारला तरी उत्तर मिळायचं नाही.

सोमवारचा प्रश्न साधा होता : 'दात येताना बाळ एकच कान का ओढतं'. वेळ, सोमवार, १.४०. तिने मागचा सोमवार धरला, उत्तराला बरे गुण दिले आणि विसरून गेली.

जेवणाच्या सुट्टीनंतर सासूबाईंचा फोन आला. "अगं, ठमी सारखा डावा कान ओढतेय. दातांचं असेल का?"

तिने फोनवरच्या शोधचौकटीत विचारून बघितलं आणि त्यांना सांगितलं. संध्याकाळी पंधरा महिन्यांची ठमी नेहमीसारखी तिच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर झेपावली. कार्डावर मिणमिणता हिरवा दिवा होता. तो दिसला की रडं थांबायचं. नवऱ्याने पिवळा स्वेटर आणला होता. बाही ठमीच्या गुडघ्यापर्यंत येत होती.

"एवढा मोठा?"

"पुढच्या वर्षी होईल की," तो म्हणाला. तिने घडी घालून, लेबल न काढता, तो कपाटात ठेवला.

मंगळवारी फाईलमध्ये होतं : 'निळ्या उशीचा रंग बाळाच्या जिभेला लागला तर'. वेळ, ४.१५. ती त्या ओळीकडे बघत राहिली. घरी निळी उशी होती. सव्वाचारला सासूबाईंचा फोन आला, तेव्हा तिने 'हॅलो' म्हणायच्या आधीच विचारलं, "जीभ निळी झालीय का?"

"तुला कसं कळलं गं?"

बोलता बोलताच तिने तोही प्रश्न शोधचौकटीत टाकला. मग बसमध्ये तिने स्वतःच्या फोनमधले जुने प्रश्न काढून बघितले. सोमवार, १.४०. मंगळवार, ४.१५. एका अक्षराचाही फरक नव्हता.

बुधवारी तिने भिंगला सांगितलं. तो हसला. "पंधरा महिन्यांची पोरं सगळीकडे कानच ओढतात आणि उश्याच चावतात. शिवाय कंपनीतल्या लोकांचे प्रश्न पहिल्याच चाळणीत बाजूला काढतात. आणि दुपारचे प्रश्न सकाळी कुठून येतील, काळजीवाहू?"

त्या दिवशी ती फोन मुद्दाम घरीच ठेवून आली होती. फाईलमध्ये होतं : 'नुकतं चालायला लागलेलं बाळ एकाच बाजूला का झुकतं'. ११.०५.

संध्याकाळी नवरा म्हणाला, "माझ्या फोनचं चार्जिंग संपलं होतं, म्हणून तुझ्यावरून विचारलं. ठमी चालताना उजवीकडे कलते बघ. काही नसतं म्हणे ते." तिने फोन हिसकावूनच घेतला. ११.०५.

"हे असं तूच लिहिलंस?"

"छे. मी नुसता 'नु' टाकला. पुढचं त्यानेच पूर्ण केलं."

गुरुवारी साडेनऊला तिने फाईल उघडली.

'बाळाने गोल चपटा सेल गिळला तर'. गुरुवार, ३.२०.

तिने पाचवा प्रश्न उघडायची धडपड केली. तो शुक्रवारशिवाय उघडणार नव्हता. मग तिने 'निरर्थक' दाबलं आणि खुर्ची भिंगकडे वळवली. "तूही दाब."

"अगं, धडधडीत अर्थ आहे याला. उद्या कुणाला गरज पडली तर?"

"पाया पडते तुझ्या. हा प्रश्नच राहायला नको."

त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "एकदाच हं," म्हणाला आणि दाबलं. प्रश्न राखाडी झाला.

अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती निघाली. दाराशी काचेच्या पेटीजवळ क्षणभर थबकली. यंत्राची वायर गुंडाळून बाजूला ठेवलेली होती, नेहमीसारखीच. पेटीच्या काचेला मात्र आतून वाफ धरली होती.

घरी तिने वजनकाटा उघडला, खेळण्यातलं बदक उघडलं, रिमोट उघडला. सगळे सेल डब्यात घालून डबा माळ्यावर टाकला.

"आता माझं कानातलं यंत्र तेवढं उरलंय," सासूबाई म्हणाल्या. "त्यातही असतो चिमुकला. काढू?"

"काढा, आई."

"बघ हो, मग तू बोंब मारलीस तरी मला ऐकू यायचं नाही." हसत हसत त्यांनी तोही सेल काढून दिला आणि भांडी घासायला आत गेल्या.

ती ठमीला मांडीवर घेऊन जमिनीवर बसली. भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजले. सव्वातीन. ठमी तिच्या छातीशी काहीतरी चाळा करत होती, आपल्याशीच बडबडत. तिची नजर काट्यांवरून हलली नाही.

तीन वीस.

तीन बावीस. तीन पंचवीस. तीन एकोणतीस.

तिला एकदम हसू फुटलं, मग रडू. हात सैल झाले.

तेवढ्यात आठवलं. कुणाला उशीर होऊ नये म्हणून या घरातलं घड्याळ दहा मिनिटं पुढे असतं. लग्न होऊन आली तेव्हापासून.

ठमीची बडबड थांबली होती.

तिने खाली पाहिलं. गळ्यातलं ओळखपत्र लाळेने ओलं झालं होतं. मागचं झाकण फरशीवर पडलं होतं. हिरवा दिवा विझला होता. दिव्यामागची गोल खाच रिकामी होती.

ठमीने तोंड उघडलं. आवाज आला नाही.

"आई!" ती ओरडली. "आई!"

आत नळ वाहत होता. भांडी शांतपणे एकावर एक लागत होती.

हातात फोन कधी आला, तिला कळलं नाही. नंबर लावायचा होता. अंगठा सवयीने शोधचौकटीवर गेला होता. तिने 'बा' लिहिलं. पुढचं त्याने पूर्ण केलं.

३.२०.

पान पांढरं राहिलं. मधोमध एकच ओळ होती. 'हा प्रश्न निरर्थक आहे.'

मग खाली, फिकट अक्षरांत, सावकाश आणखी एक ओळ उमटली.

'तुम्हाला हे विचारायचं होतं का : न घातलेला पिवळा स्वेटर कुणाला देता येईल'