तपासणीवाले साहेब

*आज वार कोणता?*

"कुडाळ गाडी लागलीय. फलाट तीन," अण्णा म्हणाले.

डॉ. निरंजन पारकरनं मान हलवली. "चूक. आज गुरुवार. म्हणा, गुरुवार."

"गुरुवार." अण्णांनी दोन्ही हात मांड्यांखाली दडवले. कणकवलीच्या एसटी आगारात त्यांनी उभी हयात वाहतूक नियंत्रक म्हणून काढली होती. साहेबलोक तपासणीला आले की हात कुठे ठेवावेत हे तेव्हाही त्यांना कळत नसे.

"आणि मी कोण? सांगा बघू."

"तुम्ही तपासणीवाले साहेब." अण्णांचा आवाज बारीक झाला. मग त्यांना कसलासा आधार सापडला. "माझा मुलगा डॉक्टर आहे. निरू. त्याला येऊ दे, तुमची तक्रारच करतो."

"मीच निरू, अण्णा."

"तुम्ही कसले," अण्णा म्हणाले.

चूक. निरंजननं पुढचा प्रश्न काढला.

*ह्या वस्तूला काय म्हणतात?*

नामसेतू. कातडीखाली, कानामागे बसवलेली तांदळाएवढी चकती. चष्म्यातला कॅमेरा समोरचा चेहरा टिपतो आणि चकती त्या चेहऱ्याचं नाव व नातं मेंदूत पेरते. कुणी कानात सांगितल्यासारखं नव्हे, आपलं आपल्याला आठवल्यासारखं. कोल्हापूरच्या प्रयोगशाळेत निरंजननं तो जन्माला घातला होता, आणि पहिली चकती बापाच्याच कानामागे बसवली होती. उद्या प्रयोगाचा निकाल तपासणाऱ्या समितीसमोर ती सुरू व्हायची होती. बाप आपल्याला नावानं हाक मारील, ही त्याची एकच इच्छा होती. तिला तो 'पुरावा' म्हणे.

नातेवाईक नावाच्या जमातीचा त्याला तिटकारा होता. चिवड्याच्या पिशव्या घेऊन येणार, डोळे पुसणार आणि रुग्णाच्या भ्रमाला माना डोलावत बसणार. म्हाताऱ्यानं मेलेल्या बायकोची चौकशी केली, तर म्हणणार, बाजारात गेलीय, येईल. ह्याला ते माया म्हणत. निरंजनच्या मते हा निव्वळ आळस होता. चुका दुरुस्त करायला कष्ट पडतात.

प्रयोगशाळेतली त्याची सहकारी डॉ. रुबिना मुजावरही त्याच आळशांतली. मेंदूवर पंधरा वर्षं काम केलेली बाई अण्णांशेजारी बसून विचारायची, "मालवण गाडीला उशीर आहे का हो?" आणि अण्णा खुशीत सांगायचे, "बसा ताई. लागली की हाक मारतो."

*शंभरातून सात गेले, किती उरले?*

"काय उरतं तेच तुम्ही मोजलेलं नाही," रुबिना म्हणाली. "नाव आणि भीती मेंदूत वेगवेगळ्या जागी राहतात. स्मृतिभ्रंशात नावांची जागा आधी ढासळते. भीतीची पुष्कळ दिवस टिकते. सकाळी तुम्ही भेटून गेलात, हे अण्णा दुपारी विसरतात. तुमच्यामुळे बसलेली धडकी विसरत नाहीत. रोज थोडी थोडी साठते."

"मग? नाव परत आलं की ओळख पटेल. धडकी जाईल."

"का जाईल? तुमचा सेतू नाव आणतो. धडकी कुठे नेतो?"

"मुजावर मॅडम, तुम्ही भावगीतं लिहा. बरी लिहाल."

*मी कोण?*

दुसऱ्या दिवशी समितीचे लोक काजूकतली खात बसले होते. निरंजननं नामसेतूची कळ दाबली.

अण्णांनी चष्म्यातून रुबिनाकडे पाहिलं. चेहरा उजळला. "डॉक्टर रुबिना. बसा ताई."

मग ते निरंजनकडे वळले.

"सांगा बघू," तो म्हणाला.

"निरंजन," अण्णा म्हणाले. "निरू. माझा मुलगा."

टाळ्या पडल्या. निरंजननं रुबिनाकडे बघून भुवया उंचावल्या. पण अण्णांचे हात मांड्यांखाली गेले होते. ते खुर्चीत मागे सरकत रुबिनाला हळूच सांगत होते, "ताई, ह्या साहेबांना जायला सांगा. नाहीतर माझा मुलगा..."

ते थांबले. त्यांनी पुन्हा निरंजनकडे पाहिलं.

"माझा मुलगा..."

तपासणीवाले साहेब आणि निरू आता एकच होते. बोलावण्यासारखं कुणी उरलं नव्हतं. अण्णा दाराकडे बघत राहिले, शेवटची गाडी निघून गेल्यावर फलाटाकडे बघावं तसे.

"भीती वाटते का, विचारा ना," समितीतला एकजण तोंड पुसत म्हणाला. "नोंद होईल."

निरंजननं विचारलं नाही. त्यानं कळ पुन्हा दाबली. चकती बंद झाली, आणि तिनं पेरलेलं नावही गेलं.

"अहो, हे काय करताय? निकाल आलाय," समितीचे अध्यक्ष म्हणाले.

"आलाय," निरंजन म्हणाला.

अण्णांनी डोळे मिचकावले. समोर तेच तपासणीवाले साहेब. हात मांड्यांखालीच होते, पण मान जरा ताठ झाली.

"माझा मुलगा डॉक्टर आहे," ते म्हणाले. "त्याला येऊ दे. तुमची तक्रारच करतो."

"करा," निरंजन म्हणाला, आणि त्यांना दिसणार नाही इतका लांब जाऊन उभा राहिला.